संडासातल्या गोवऱ्या

इंद्रभान,

उषाची दोन पातळं न्यायला घरी आल्ते, तू शेतात होतास. लगेच जीपनं जालन्याला दवाखान्यात परत चालले. आपल्याला वाटली तशी तिच्या पोटात गाठ न्हाई. आठ दिवसांचा मळ आतड्यात दगडासारखा अडकला होता. एनिमा देऊन काढला. आता ती बरी आहे.

डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "आजी, शरीर आपली घाण आपल्या वेळेला बाहेर टाकतं. रोज दाबून धरलं की आतड्याची सवयच मोडते. ही का दाबून धरते?"

उषा खाली मान घालून बोलली, "पहाटे जमलं न्हाई तर दिवसा कुठं जाऊ? रस्त्यावर माणसं असतात. म्हणून पाणी पीत न्हाई, अन् रात्री अर्धीच भाकर खाते."

सून थोडकं खाते, गुणाची आहे, असं तीन वर्षं मीच गावभर सांगत आले.

योजनेतल्या संडासात मी गोवऱ्या भरून ठेवल्यात, त्या आजच काढ. पावसात भिजल्या तर भिजू दे. आत पाण्याचं पिंप ठेव, दाराला आतून कडी बसव. उद्या ती घरी येईल.

संडास मोकळा करायचं ती तुला दोनदा बोलली, अन् तू म्हणालास, "मायला विचारतो." मंग विचारलं का न्हाईस? विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, ते तुला ठाऊक होतं. मलाही ठाऊक आहे.

माय