इंग्रजीत कच्ची

सर, आज सातवीच्या वर्गात पाच टोपल्या मांडल्या आणि शब्दांच्या चिठ्ठ्या मुलांसमोर ओतल्या. ही रीत तुमची. पवनीतल्या तुमच्या घरी, शाळा सुटल्यावर, काकू धान पाखडायच्या त्या ओसरीवर तुम्ही मला बसवायचात. प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट अशा नामांच्या पाच टोपल्या, आणि विशेषणांसाठी काकूंचं सूप. चिठ्ठ्या मी लिहायचे, कारण तुमचं अक्षर तुम्हालाच लागायचं नाही. 'वैनगंगा' पहिल्या टोपलीत, 'रिव्हर' दुसऱ्या. 'क्राउड' मी कॉमनमध्ये टाकलं तेव्हा तुम्ही हसलात, "काहून वं, एकट्या माणसाची गर्दी होते काय?" 'गोल्ड' टोपलीत जातं आणि 'गोल्डन' सुपात, हे मी न विचारता ओळखलं, त्या दिवशी तुम्ही काकूंना हाक मारून सांगितलंत, "या पोरीले आता माझी गरज नाही." ते वाक्य घोकत मी घरी गेले होते.

दहावीचा निकाल लागला. भंडाऱ्याच्या वसतिगृहासाठी आपल्या शाळेतून एकाच मुलीचं नाव जाणार होतं, आणि ते तुम्ही द्यायचं होतं. बाबा तुमच्याकडे आले. मी स्वयंपाकघरात काकूंजवळ चहा गाळते आहे, मधल्या दारातून आवाज येतो आहे. "गुरुजी, पोरीले भंडाऱ्याले धाडू काय? तुमी म्हणान तसं." तुम्ही म्हणता, "पोरगी गुणाची आहे. पण इंग्रजीत कच्ची आहे. तेथं टिकणार नाही." काकूंनी माझ्या हातातली गाळणी काढून घेतली. "मागच्या दारानं जाय, बाई," एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी माझ्याच वर्गातली तुमची पुतणी भंडाऱ्याला गेली. माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या तिच्या पेटीत होत्या. तिनंच मला कौतुकानं सांगितलं. पुतणीला पाठवायचं होतं तर तसं म्हणायचं होतं, सर. घरचं माणूस म्हणून बाबांनी समजून घेतलं असतं, मीही रडून मोकळी झाले असते. पण तुम्ही माझ्याबद्दल खोटं बोललात, आणि तेही अशा माणसाशी, ज्याला एबीसीडी येत नव्हती, म्हणून तुमचा शब्द पडताळून पाहता येत नव्हता. पुढे मी बाहेरून परीक्षा देत शिकले, इंग्रजीची शिक्षिका झाले. बाबा गावभर सांगत हिंडले, "गुरुजी म्हनत, कच्ची आहे. तरी केलन पोरीनं!" ते जाईपर्यंत मी त्यांना खरं सांगितलं नाही. तुमच्यावरचा त्यांचा विश्वास मोडायला माझा हात धजला नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी आले नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक कबूल करते. वीस वर्षं झाली, नामं आणि विशेषणं शिकवते आहे. तरी धड्याच्या आदल्या दिवशी एकेक चिठ्ठी शब्दकोशात पाहून घेते. काल 'बुक'सुद्धा पाहिलं.