चार नंबर खांबाची सिल्व्हर

३१ मार्च २०१३, रविवार

गाडी येऊन आठवडा झाला. आल्टो, सिल्व्हर, सेकंड हँड पण मनाने नवी. आमच्या घरातली पहिली गाडी. पहिली पदवीधरही मीच. दोघींवर जबाबदारी आहे.

बाबांनी जन्मभर भंडाऱ्याच्या डेपोत एसट्या धुतल्या. त्यांच्या मुलीने आपल्या गाडीसाठी दुसऱ्याच्या हातात बादली द्यायची नाही. आपली धूळ आपण पुसायची. तीही पाण्याशिवाय, कारण वाघोलीत पाणी टँकरने येतं. इंटरनेटवरून वॅक्सची बाटली मागवली आहे. फवारा, पुसा, विसरा. आठवड्याला फक्त सात मिनिटं.

उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

१ एप्रिल, सकाळी ८.५०

उठले नाही. एक तारखेला सुरुवात सगळेच करतात.

२ एप्रिल

खराडीला ऑफिसचं पार्किंग उघडं. संध्याकाळी स्टेअरिंग एवढं तापलेलं की ओढणी गुंडाळून वाघोलीपर्यंत आले. उन्हाने रंग उडतो असं वाचलं आहे. निदान घरी तरी गाडीला सावली पाहिजे.

आमच्या सोसायटीत पूर्ण सावली एकाच ठिकाणी आहे, चार नंबरच्या खांबाशी. तिथे तिसऱ्या मजल्यावरचे वैजनाथकाका गाडी लावतात. त्यांचीही सिल्व्हर आल्टोच. कसबा पेठेत त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, रात्री दहाला येतात. मी सातला येते. जागा कुणाच्या नावावर नाही. लावली.

३ एप्रिल

काका लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, "खांब विकत घेतलात म्हणे. पेढे काही पोचले नाहीत." मी शांतपणे म्हणाले, जो आधी येईल त्याची जागा. ते म्हणाले, "अगदी बरोबर. मी फक्त नऊ वर्षं आधी आलो होतो."

त्यांची गाडी आता टोकाला, उन्हात असते. वर झाड आहे, पण ते सावलीपेक्षा कावळ्यांसाठी जास्त आहे.

७ एप्रिल, रविवार

बाटली आली. वॅक्स लावलं. सात मिनिटांऐवजी सकाळ गेली, कारण पहिली वेळ.

१० एप्रिल

विश्वास बसत नाही. तीन दिवस झाले, गाडीवर धुळीचा कण नाही! इथे खडीच्या ट्रकांमुळे माणसं राखाडी होतात. बिल्डिंगमधल्या बाकीच्या गाड्या स्वच्छ ठेवायला सर्जेराव पहाटे अंधारात येऊन मर मर मरतात. महिन्यावर धुतात ते, जवळजवळ सगळ्यांच्या. काकांच्याही. मी मात्र एकदा पुसली आणि विसरले.

सकाळी बोनेट थोडं ओलं होतं. वॅक्स हवेतला ओलावा ओढत असावं.

एकच कटकट. रोज सकाळी माझे दोन्ही वायपर उभे असतात. काकांचा निषेध, दुसरं काय. मी काही न बोलता खाली करते. संयम हेसुद्धा शिक्षणच.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. दिवसभर मिरवणुकीत होते, वॅक्स राहून गेलं. मुद्दामच राहू दिलं असं म्हणता येईल. प्रयोग.

गेटवर सर्जेराव भेटले, चेहरा उतरलेला. काका वॉचमनसमोर त्यांना बोलले म्हणे, पैसे घेता आणि गाडी धूत नाही. मला म्हणाले, "ताई, चार नंबर खांबाची सिल्व्हर. रोज पहिली तीच धुतो मी. बावीस गाड्यांत डोळे मिटून सांगंन. मागच्या डाव्या दाराला पोचा हाय, फडकं तिथं जरा उडतंच."

फार वाईट वाटलं. तेच तेच काम करून माणसाचं असं होतं. न केलेलंही केल्यासारखं वाटतं. अशा माणसाला या कामातून सोडवलं पाहिजे. मी त्यांना एक्सेल शिकवणार.

१७ एप्रिल

प्रयोग यशस्वी! दहा दिवस हात लावला नाही, तरी गाडी आरसा. म्हणजे आठवड्याला सात मिनिटंही जास्तच होती. लंच टाइमला टीमसमोर प्रेझेंटेशन दिलं, 'आठवड्याला शून्य मिनिटं'. चेतनने विचारलं, तुझी गाडी चालते तरी का? जळतो.

उद्या नक्की पाचला उठून पहाटेच्या उजेडात फोटो काढायचे.

१८ एप्रिल

फोटो संध्याकाळीही चांगले येतात.

२१ एप्रिल, रविवार

सोसायटीची मीटिंग. आजचा दिवस लक्षात राहील.

काका उभे राहिले. म्हणाले, त्यांची गाडी पंधरा दिवस कावळ्यांच्या ताब्यात आहे आणि सर्जेराव शपथेवर सांगतो की रोज धुतो. मग चारचौघांत सरळ म्हणाले, "हा माणूस खोटारडा आहे."

सर्जेराव दाराशी उभे होते. म्हणाले, "धुतो मी, साहेब." आणखी काही बोलणार होते, पण मला राहवेना. मी उठले. म्हणाले, यांना खोटारडं म्हणू नका, हे थकलेले आहेत. दोष माणसाचा नाही, पद्धतीचा आहे. गाड्या धुणंच बंद करा! मग सगळ्यांना खाली नेऊन माझी गाडी दाखवली.

सेक्रेटरी इंदुबाईंनी छतावरून बोट फिरवलं, बोट बघितलं, पुन्हा फिरवलं. म्हणाल्या, "माझ्या ओट्यापेक्षा स्वच्छ आहे हो." ठराव झाला. एक मेपासून गाड्या धुणं बंद, सगळ्यांनी बाटली आणायची.

मी सर्जेरावांना सांगितलं, कामगार दिनापासून तुम्ही मोकळे. ते म्हणाले, "मोकळा म्हंजे? आन् खोटारडा म्हणले, त्याचं काय?" मी म्हणाले, एक्सेल. शनिवारी संध्याकाळी या.

२२ एप्रिल

घरी फोन केला. वॅक्स, सावली, ऊन, सगळं सांगितलं. आई म्हणाली, "गाडी घेतली का म्हैस घेतली वं?" बाबांनी फोन घेतला. विचारलं, त्या माणसाला काम सोडायचं होतं का? नेटवर्क खराब होतं. म्हणजे मीच ठेवला.

२ मे

आज वायपर खाली! काका निवळले. मोठ्या बदलाचे असे छोटे परिणाम असतात.

५ मे, रविवार

गाडीवर जरा धूळ आहे. ट्रक वाढलेत. वॅक्सचे दोन थर दिले. रगडताना करकर आवाज आला, वॅक्स आत मुरत असणार.

शनिवारी सर्जेराव आले नाहीत. शिकायची भीती असते माणसाला.

९ मे

धूळ आहे. बोनेटवर बारीक गोल रेघा उमटल्या आहेत. विशिष्ट कोनातून छान दिसतात.

१२ मे, रविवार

तीन थर. सकाळ आणि अर्धी दुपार. हात दुखतात. बिल्डिंगमधल्या सगळ्या गाड्या आता एकाच रंगाच्या आहेत, तो कुठल्याही कंपनीच्या कॅटलॉगमध्ये नाही. इंदुबाई लिफ्टमध्ये म्हणाल्या, "तुमच्या बाटलीत आणि आमच्या बाटलीत काही फरक असतो का?" मी म्हणाले, श्रद्धा लागते. त्या म्हणाल्या, "ती मी गणपतीसाठी ठेवली आहे."

सर्जेराव पुढच्या सोसायटीत लागले आहेत, वॉचमनकडून कळलं. तिकडेही बादलीच. वाईट वाटलं. लॅपटॉपवर मी त्यांच्या नावाचं फोल्डर करून ठेवलं होतं.

२४ मे

उद्या बुद्धपौर्णिमा. आई-बाबा पहाटेच्या गाडीने येतात, माझ्या गाडीत बसायला. चौथा थर द्यायचा होता, बाटली संपली. पाचला उठून ओल्या फडक्याने पुसते. तत्त्व एकदा बाजूला.

२५ मे, शनिवार, दुपारी

उठायला उशीर झाला. तशीच घेऊन गेले. आई स्टेशनवर गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "सिल्व्हर म्हणाली होतीस नं तू?" बाबा पुढे बसले.

वाघोलीत शिरताना पुढच्या सोसायटीच्या गेटवर सर्जेराव दिसले. त्यांनी हात करून थांबवलं. मागच्या डाव्या दाराच्या पोच्यावरून अंगठा फिरवला, हळूच, जुनी ओळख असल्यासारखा. मग खिडकीशी आले. म्हणाले, "ताई, वैजनाथसाहेबांनी गाडी विकली का तुम्हाला?"

मी म्हणाले, ही माझीच आहे.

"असं कसं? चार नंबर खांबाची सिल्व्हर हीच की. महिनाभर मी धुतलीय. वायपर हुबे करून जायचो रोज."

आई मागून म्हणाली, काय झालं वं? मी ए.सी. वाढवला.

बाबा खाली उतरले. जयभीम घातला, डेपोतले दिवस सांगितले, माझ्या गाडीच्या बोनेटला टेकून दोघं बोलत बसले. मला कुणी काही विचारलं नाही. निघताना मी सर्जेरावांना म्हणाले, परत या, मी बोलते सगळ्यांशी. ते म्हणाले, "काम हाय मला, ताई. कामाचं म्हणणं नाही माझं. साहेब चारचौघांत खोटारडा म्हणले. तुम्ही बी तिथंच होता. तेवढं चारचौघांत पुसा."

२६ मे, रविवार

इंदुबाईंकडून मीटिंग बोलावून घेतली. रात्री भाषण लिहिलं होतं, 'प्रक्रियेतील त्रुटी आणि आपण'. उभी राहिले तर बाबा आणि सर्जेराव दाराशी उभे. कागद घडी करून ठेवला.

म्हणाले, सर्जेराव रोज धूत होते. खांब बघून धूत होते. खांबाशी मी होते. खोटं त्यांचं नव्हतं, चमक माझी नव्हती.

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, "म्हणजे एप्रिलभर तुमची गाडी मी धुवून घेत होतो." मी हो म्हणाले. "पैसेही मीच दिले." हो. "आणि प्रेझेंटेशन आपण दिलंत." हे त्यांना कुणी सांगितलं कळलं नाही.

मग ते उठून दाराशी गेले. सर्जेरावांना म्हणाले, "चुकलं माझं. दुकान चष्म्याचं, आणि दिसलं मलाच नाही." सर्जेराव म्हणाले, आता गाड्यांचे नंबर बघत जाईन. एक जूनपासून येतो, सकाळी दोन्हीकडे.

माझी गाडी धुवाल का, हे मी विचारलं नाही. बाबा म्हणाले, विचार. विचारलं. ते म्हणाले, "वॅक्स लावू नका मग."

इंदुबाईंनी शेवटी विचारलं, एक जूनपर्यंत वैजनाथरावांच्या गाडीचं काय? सगळे माझ्याकडे बघायला लागले.

२७ मे, सोमवार, पहाटे ५.२०

उठले.

सकाळी ७.१५

चार नंबर खांब, काल रात्रीपासून पुन्हा काकांचा. सिल्व्हर. नंबर दोनदा तपासला, काकांचीच. दोन बादल्या पाणी, कावळ्यांचं जवळजवळ दोन महिन्यांचं साचलेलं काम. वरून आई बाल्कनीत चहा पीत बघत होती. बाबा झोपले होते. सुट्टीवर आहेत.

धुणं म्हणजे पद्धत आहे, हे माझ्या लक्षात आलं आहे. वरून खाली यायचं, चाकं शेवटी. यावर काहीतरी करता येईल.

काका खाली आले. गाडीभोवती एक फेरी मारली. चष्मा कपाळावर चढवून जवळून बघितलं. मी वाट बघत उभी.

म्हणाले, "वायपर उभे करायचे राहिले."