वाऱ्यावर गेलेलं तणनाशक

४ नोव्हेंबर
सासऱ्यांचा अबोला. यंदा नांगर नको म्हटलं, म्हणून. उतारावरची माती दरवर्षी वाहून जाते, तेव्हा न नांगरताच गहू पेरायचा ठरवलाय. पण हरळीच्या तणाचं काय? नांगरानं तिचे तुकडे होतात आणि तुकडा न् तुकडा फुटतो. तणनाशक पानांतून मुळापर्यंत उतरतं. ती हिरवीगार आहे तोवरच मारायला हवं. सासरे एवढंच बोलले, "तो असता तर असलं विष रानात आलं नसतं." तो म्हणजे त्यांचा मुलगा. माझा नवरा. जाऊन दोन वर्षं झाली.

६ नोव्हेंबर
फवारलं. सकाळी पान हलत नव्हतं. शेवटच्या पट्ट्याला वारा सुटला — बांधापलीकडे, शेजाऱ्यांच्या टोमॅटोकडे. थोडंच राहिलंय म्हणून थांबले नाही. थांबायला हवं होतं.

७ नोव्हेंबर
काही दिसत नाही. न दिसो.

१२ नोव्हेंबर
हरळी पिवळी पडतेय. आनंद करायचा सोडून बांधाकडे धावले. बांधावरून डोकावले. टोमॅटोचे कोवळे शेंडेही पिवळे, देठाशी पांढरट. बांधालगतच्या ओळी सगळ्या तशाच.

१३ नोव्हेंबर
शेजारी बांधावर उभे, हातात उपटलेलं रोप. सगळे त्यांना फौजदार म्हणतात — नोकरीमुळे नाही, आवाजामुळे. कुणाची तरी म्हैस रानात शिरली तर त्याला थेट कोर्टात खेचलं होतं. मी गोठ्यात दडून बसले. चोरासारखी.
कोर्ट लागलं आणि रान गेलं तर? सासऱ्यांना सांगायला तोंड उघडेना. "सांगत होतो ना" हेच ऐकायचं. जेवताना सासरेच बोलले, इतक्या दिवसांनी. "घास उतरत नाही?"
"डोकं दुखतंय."
माझ्याकडे बघत राहिले. मग ताट उचलून गेले.

१४ नोव्हेंबर
सासरे काठी टेकत बांधाकडे गेले. परत आले ते दमून आडवे झाले. त्यांनी पाहिलं असणार. विचारायची हिंमत होत नाही.

१५ नोव्हेंबर
फौजदार दारात.
"म्हाताऱ्याला आवरा," म्हणाले. "या वयात फवारणी करतात? काल माझ्यापुढे हात जोडले. म्हणाले, वारा बघितला नाही, चूक माझी, सुनेला बोलू नका."
आत सासरे भिंतीकडे तोंड करून पडलेले. जागे होते.
मी म्हटलं, "ते खोटं बोलले. फवारलं मी."