दोन कागदांचा नियम

मंगळवार, ११ तारीख

प्रिय आत्या,

तुला आणि काकांना नमस्कार. मी बरी आहे. खोलीही बरी आहे. घरमालकीण पाण्याच्या वेळेवरून अजून कुरकुर करते, पण मनाने वाईट नाही. काकांचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, पिशव्यांची खळ स्टुलावर बसून ढवळत जा. उभं राहून ढवळली म्हणून ती जास्त चिकटत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू ‘जेवलीस का’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणते आणि पुढचं बोलणं राहूनच जातं. गेले तीन आठवडे असंच चाललंय. पत्रात तुला मध्येच ‘असू दे गं’ म्हणता येणार नाही, म्हणून पत्र लिहितेय. तू चौथीपर्यंतच शिकलीस, पण रद्दीची पिशवी करण्याआधी हातातला प्रत्येक कागद वाचतेस. त्यामुळेच तुला जगातल्या बहुतेक गोष्टी अर्ध्या ठाऊक असतात. ही मात्र शेवटपर्यंत वाच. आणि पहिल्या वेळी तरी काकांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

गेल्या बुधवारी तू पालिकेत आली होतीस, त्याबद्दल लिहायचं आहे. पण तिथपर्यंत पोचायला मला थोडं मागून यावं लागेल.

आमच्या पालिकेचे कचऱ्याचे नवे नियम लागू झाले त्या आठवड्यात मी घरी आले होते, तुला आठवत असेल. तीन डबे मांडले, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: ओला, सुका, धोक्याचा. काका म्हणाले, “कचऱ्याला तीन खोल्या, आणि आम्ही सहाजण एका खोलीत वाढलो.” आपण सगळे हसलो. मी मात्र हसता हसता भाषण सुरूच ठेवलं. घरगुती कचरा वेगळा, धंद्याचा वेगळा. घरात धंदा असेल तर धंद्याचा कचरा घरगुती डब्यात टाकायचा नाही, नोंदणी झालेल्या माणसाला द्यायचा आणि त्याची पावती जपून ठेवायची. तू विचारलंस, “आणि ज्याच्या धंद्यात कचरा उरतच नाही त्याने काय करायचं?” मी म्हणाले, “असं कुणी नसतं, आत्या.” तुझ्या समोर बसून म्हणाले. पिशव्यांच्या कडा कापून उरलेल्या पट्ट्या तू तेव्हा बाजूला ठेवत होतीस, गठ्ठे बांधायला.

त्या नियमांत एक कलम माझं आहे, हे तुला कधी सांगितलं नाही. सांगणार होते, बढाई मारायला. कचरा एकत्र करून टाकलेल्या पिशवीचा मालक कसा शोधायचा, यावर ऑफिसात चर्चा चालली होती. कुणी म्हणालं, आत पत्ता असलेला कागद सापडला की झालं. मी उठून म्हणाले की एखादा कागद वाऱ्याने उडून कुणाच्याही पिशवीत जाऊ शकतो, निरपराध माणूस अडकेल. एकाच पत्त्याचे निदान दोन कागद हवेत. साहेब म्हणाले, “अभ्यासू मुलगी आहे.” कलमात ते तसंच आलं. नोकरी लागून मला तेव्हा दोनच महिने झाले होते, अजूनही मी प्रोबेशनवरच आहे. त्या दिवशी घरी जाताना मला वाटत होतं की मी पदवी घेतली ती अशाच कामासाठी.

दोन कागद एकाच घरातून निघून, एकाच गठ्ठ्यातून, एकाच दुकानातून एकाच गिऱ्हाइकाच्या हातात जाऊ शकतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या. आठव्या वर्षापासून मी तुझ्या शेजारी बसून पिशव्या दुमडल्या. मला यायला हवं होतं.

वीस तारखेची गोष्ट. बाजारामागच्या गल्लीत घरगुती डब्यांची तपासणी होती. साहेब, मी आणि गाडीचे ड्रायव्हर. एका पिशवीत चहाचा चोथा, कांद्याची सालं, काचा, सगळं एकत्र कोंबलेलं होतं. मी हातमोजे घालून ती उघडली. आत दोन कागद सापडले. एक विजेचं बिल होतं. दुसरं माझ्या कॉलेजचं पत्र, प्रवेश मिळाल्याचं. वरचा भाग कापलेला असल्याने त्यावर नाव नव्हतं. पत्ता पूर्ण होता, दोन्हींवर एकच.

आत्या, पत्ता वाचायच्या आधी मी कागदी पिशवीचा तळ ओळखला होता. दुहेरी दुमड, आणि डाव्या कोपऱ्यात आत वळवलेली कागदाची जीभ. तुझ्याशिवाय ती कुणी घालत नाही. खळीचा पांढरा डागही होता.

ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघत होते. ते म्हणाले, “साहेब, ह्या पिशव्या दिसतायत. वाण्याच्या. साखर देतो ना तो अशात.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “काय गं? पिशव्या आहेत का?”

मी म्हणाले, “तसं नक्की सांगता येत नाही, सर.”

हे वाक्य मी तीन आठवड्यांत किती वेळा मनात म्हणून पाहिलं, तुला काय सांगू. एवढं सभ्य वाक्य मी आयुष्यात दुसरं बोलले नसेन. साहेब म्हणाले, “दोन कागद, एक पत्ता. लिही.” आणि मी लिहिलं. पत्ता उतरवून घ्यायची गरज नव्हती, तरी कागदाकडे बघत बघत उतरवला.

का, ते सांगते. नोकरीला लागले त्या दिवशी साहेबांनी विचारलं होतं, घरी काय करतात. मी म्हणाले, कागदाचा व्यवसाय आहे. त्यांना वाटलं, मोठी एजन्सी असेल. मी ती समजूत तशीच राहू दिली. मग ती रोज थोडी थोडी वाढली. डबा खाताना एखादी म्हणायची, “तुमच्याकडे काय, भारीतली डायरी फुकट,” आणि मी हसायचे. लोकांच्या रद्दीतून आमचं घर चाललं, माझी फीसुद्धा त्यातूनच गेली, हे त्या टेबलाशी बसून सांगायला मला एक सकाळ सापडली नाही. वीस तारखेला सापडली होती. हातातच होती.

पुढचं तुला माहीत आहे. पण तुझ्या बाजूने. तू फोन केलास, “अगं, तुझ्या पालिकेतून माझ्या नावाचा कागद आलाय. चांगला जाड आहे, पण पिशवी व्हायची नाही, मधोमध शिक्का मारलाय.” तू हसत होतीस. चूक झाली असेल, तू बघ जरा, म्हणालीस. मी म्हणाले, ते खातं वेगळं आहे, माझ्याकडे येत नाही.

ते खातं माझंच आहे. त्या नोटिशीचा मसुदा माझ्या अक्षरात आहे, कचरा कुणाला दिला त्याच्या पावत्या आणा, या ओळीसकट. खाली सही तेवढी साहेबांची.

बाजाराच्या तोंडाशी लावलेल्या, नियम मोडणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव आहे, ते मी रोज बघते. ऑफिसला जायला दुसराही रस्ता आहे, पण मी त्याच रस्त्याने जाते. यादीत असलेल्याकडून माल घेतला तर दुकानाच्या परवान्यावर शेरा येतो, म्हणून वाण्याने तुझ्या पिशव्या बंद केल्या, हे मला तू सांगितलं नाहीस. त्या बुधवारच्या आधीच्या रविवारी घरी आले तेव्हा दिसलं. पुढची खोली झाडून पुसून लख्ख होती, गठ्ठे छतापर्यंत गेले होते आणि तू मांडीवर हात ठेवून बसली होतीस. तुला रिकाम्या हातांनी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. काका म्हणाले, “वीस वर्षं पिशव्या घेतल्या, आता म्हणतो वहिनी, माझं दुकान जाईल.” तू त्यांना गप्प केलंस. मला म्हणालीस, “तू यात पडू नकोस. नवीन नोकरी आहे, तुझं नाव खराब व्हायचं.” मी चहा पिऊन निघाले. बसस्टॉपवर उभी राहून मी स्वतःला सांगत होते, आत्याच म्हणाली, पडू नकोस.

आता बुधवार.

तू खिडकीशी रांगेत होतीस. निळी साडी, हातात ती नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलेली. तिला घडी पडू नये म्हणून. मी आतल्या टेबलाशी, काचेपलीकडे. तू मला पाहिलंस, मी तुला पाहिलं. मग तू नजर खिडकीतल्या कारकुनाकडे वळवलीस आणि म्हणालीस, “माझी हरकत आहे. माझ्याकडे कचरा उरतच नाही, मी पावती कशाची आणू?” साहेब माझ्या मागे उभे होते. ते हसले. म्हणाले, “कचरा होत नाही असं घर दाखवा, बाई, मी हार घालतो.” आणि मला म्हणाले, “ही तुझीच केस ना? जा, अर्ज भरून घे.”

मी बाहेर आले. तुझ्यासमोर बसले. कारकुनाने सहज विचारलं, “ओळखीच्या आहेत का?” तोंड उघडायला मला किती वेळ लागला असता, सांगता येणार नाही. पण तू तेवढासुद्धा दिला नाहीस. “नाही हो,” तू म्हणालीस, “यांना मी कुठून ओळखणार. मॅडम, कुठे सही करू?”

मी बोट ठेवून दाखवलं. इथे.

माझी लाज वाचावी म्हणून तू खोटं बोललीस. तुला तर भाजीवाल्याशीही खोटं बोलता येत नाही, लगेच कान लाल होतात. त्या दिवशीही झाले. मी ते बघत बसले, आणि तू गेल्यावर अर्जावर आवक क्रमांक टाकला.

त्या संध्याकाळी ड्रायव्हरांनी मला गाठलं. म्हणाले, “ताई, मी त्याच वाण्याकडून सामान घेतो. पिशवी मी ओळखली होती. पण तुम्ही शिकलेल्या, तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी गप्प बसलो.” मला ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझीच क्षमा मागितल्यासारखं बोलत होते.

काल सकाळी मी साहेबांना सगळं लिहून दिलं. पिशव्या, दुमड, तुझं-माझं नातं, सगळं. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. दोनदा वाचलं. म्हणाले, “तुला त्या सकाळी माहीत होतं?” मी हो म्हणाले. “मग ड्रायव्हर बोलला तेव्हा?” मी म्हणाले, लाज वाटली. त्यांनी विचारलं, “कशाची?”

खरं उत्तर एकाच शब्दाचं होतं, आणि तो शब्द तू होतीस.

ते म्हणाले, हरकतीची सुनावणी शुक्रवारी आहे. समितीपुढे हे सांगितलंस तर ते नोंदीत जाईल. जवळच्या माणसाची केस लपवली असा शेरा पडेल, आणि प्रोबेशनवरच्या माणसाला असा शेरा परवडत नाही. नाही सांगितलंस तर मी हा कागद परत देतो, पाहिलाच नाही म्हणतो. शुक्रवारपर्यंत विचार कर. मी म्हणाले, कागद तुमच्याकडेच राहू द्या.

त्यामुळे शुक्रवारी, अकरा वाजता, पहिल्या मजल्यावर. जिन्याच्या डाव्या हाताची खोली, बाहेर बाक आहे. येताना विकला न गेलेला एक गठ्ठा घेऊन ये, वरचाच, निवडून आणू नकोस. त्यातल्या पिशव्या समितीपुढे उकलून मी दाखवणार आहे की एका गठ्ठ्यात एकाच पत्त्याचे किती कागद असतात. आणि हेही सांगणार आहे की दोन कागदांचा नियम चुकीचा आहे, तो मी सुचवला, आणि ज्या घरात कागद फेकत नाहीत त्या घरावरच तो पहिला पडला. यादीतून तुझं नाव निघेल असं मला वाटतं. वाणी परत पिशव्या घेईल की नाही, ते मला सांगता येत नाही. माझ्या नोकरीचंही नाही. तू ‘कशाला गं’ म्हणणार, ते ऐकू येतंय. म्हणू नकोस. तू आली नाहीस तरी मी बोलणार आहे.

पण आलीस तर एक कर. सुरुवातीला तिथे प्रत्येकाला विचारतात, तुमचं एकमेकांशी काय नातं. या वेळी तू काही बोलू नकोस. पाणी पी, पंख्याकडे बघ, काहीही कर, पण मला वेळ दे. मी थोडी अडखळेन. तरी मलाच सांगू दे.

माफी मागत नाही, कारण तू ती लगेच देशील.

तुझ्या घरात वाढलेली,
तुझी भाची