पिवळे मोजे

अक्षताचे पप्पा,

पोलिओच्या घरोघर फेरीसाठी मला साडेसहालाच निघावं लागलं. भाकरी टोपल्यात हाय, पिठलं गरम करून घ्या.

तुमच्या सपाट तळपायासाठी डॉक्टरनं बुटात घालायला त्या काळ्या गाद्या दिल्या. त्या रोज घालतो, असं तुम्ही महिनाभर सांगून राह्यले. मंग कोर्टातून घरी येताना लंगडता कामून? मला शक आल्ता. सर्जेराव भावजींना देऊन टाकल्या असतील, असंबी वाटलं. पण रोज संध्याकाळी बघावं तर गाद्या तुमच्याच बुटात.

म्हणून काल तुम्ही उठायच्या आधी मी त्यांच्यावर हळद चोळली. काळ्या कापडावर ती दिसली न्हाई. संध्याकाळी तुमचे मोजे पाहिले, तर पांढरेशुभ्र. तुमच्याशी भांडायचंच ठरवलं होतं. मंग माझे मोजे धुवायला घेतले, तर त्यांचे तळवे पिवळे.

आपल्या दोघांच्या पायाचा नंबर एकच, हे तुम्ही बराबर हेरलं; सकाळी गाद्या माझ्या बुटात अन संध्याकाळी परत तुमच्या. अन मी समजत होते, माझे पाय सुजले म्हणून बूट आवळून राह्यलेत.

आता गाद्या तुमच्या बुटात दाभणानं शिवून टाकल्यात. उसवू नका, टाके मोजून ठेवलेत. मी चप्पल घालून गेले. माझे बूट पेटीत हायेत, चावी माझ्याजवळ.

संध्याकाळी एवढंच सांगा, माझी टाच दुखती हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी तर घरात कोणाजवळ बोलले न्हाई.