न गिरवलेली चोवीस चित्रं

सर, आज अ‍ॅनिमेशनच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅम, रेघ थोडी थरथरती कशी ठेवायची? हातानं काढल्यासारखी वाटायला हवी." मी तिला सेटिंग दाखवलं. पडद्यावरची एक खूण उजवीकडे सरकवायची. जितकी सरकवाल तितकी रेघ थरथरते. तिच्या खालीच दुसरी खूण आहे, ती थरथरणाऱ्या हाताची रेघ सरळ करते. "भारी आहे," मुलगी म्हणाली. मी पाणी प्यायला बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाही.

वाशीच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या कार्टून स्टुडिओत मी आले तेव्हा प्रत्येकाच्या टेबलात एक काच होती आणि काचेखाली ट्यूब. हालचालीतलं पहिलं चित्र तुमचं, शेवटचं तुमचं, मधली माझी. पाच कागद पाच बोटांत धरून पुढेमागे उलटायचे. चुकलं तर डोळ्यांआधी बोटांना कळायला हवं, असं तुम्ही म्हणायचा. पहिल्या आठवड्यात मी चालणारी म्हातारी काढली. तुम्ही कागद उलटून पाहता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "काय गं, म्हातारीच्या पायाला चाकं बसवलीस व्हय?" सगळे हसतात. मी खोडरबर उचलते, तो तुम्ही हातातून काढून घेता. "खोडू नको. नवा कागद घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला एपीएमसी मार्केटात नेलंत. कांद्याच्या गाळ्यांसमोर उभं राहून आपण माथाड्यांना पोती उतरवताना पाहत होतो. "पाठ बघू नको, गुडघा बघ. वजन आधी तिथं येतं." एक माथाडी वैतागून ओरडला, "ओ सायेब, बघत काय बसलाय? या, लावा खांदा!" आणि तुम्ही खरंच चष्मा माझ्याकडे देऊन पुढे झालात. दोन पावलं जेमतेम चाललात. परत आलात ते धापा टाकत आणि खुशीत. "कळलं? आता काढ." त्या दिवशी तुम्ही मला पेन्सिलीचे उरलेले तुकडे अडकवायची पितळी नळी दिलीत. ती अजून माझ्याकडे आहे.

शेवटच्या वर्षांत तुमचा उजवा हात थरथरू लागला. त्यावर कुणी बोललं नाही. तोवर तुमची चित्रं गिरवून स्वच्छ करायचं काम माझ्याकडे आलं होतं. तुमच्या कागदावर नवा कागद ठेवायचा आणि तुमच्या हाताला जिथे जायचं होतं तिथून एकच रेघ न्यायची. मालकांच्या केबिनमध्ये जायचे ते माझे कागद. तुम्ही एकदाच म्हणालात, "माझी रेघ माझ्यापेक्षा तुला जास्त कळते." मला ती शाबासकी वाटली होती.

मग कॉम्प्युटर आले. मालकांनी ठरवलं, एकच दृश्य दोन्ही तऱ्हांनी करून बघू. पोतं उतरवणारा माथाडी तुम्हीच सुचवलात. हातानं काढायची चोवीसही चित्रं, मधलीसुद्धा, तुम्ही स्वतः काढलीत. कॉम्प्युटरवरचं काम माझ्याकडे होतं, कारण मी संध्याकाळच्या क्लासला जाऊन ते शिकले होते. तुमची चित्रं गिरवून स्कॅन करायची, तेही माझ्याचकडे. कॉम्प्युटरवर माणूस एकदाच काढायचा, त्याचे हात-पाय सुटे करून सांध्यांना जोडायचे, सुरुवात आणि शेवट सांगायचा. मधलं तोच भरतो. माझं काम जेवणाच्या सुट्टीआधी झालं. तुमचे कागद मी होते तसेच स्कॅनरवर ठेवले.

साडेपाचला सगळे पडद्यासमोर जमलो. माझा माथाडी पोतं उतरवतो, गुळगुळीत, उशी ठेवल्यासारखं. मग तुमचा. त्याचा गुडघा आधी वाकतो, मान आखडते, पोत्यात खरंच कांदे आहेत. पण त्याची प्रत्येक रेघ कापते आहे. "हे असं का हलतंय?" मालक विचारतात. तुम्ही हात खिशात घालता. "माझा हात हलतो, साहेब. दोन वर्षं झाली." मग माझ्याकडे पाहता. मी म्हणते, "वेळ नाही मिळाला, सर." तुम्ही म्हणता, "असू दे गं. टेन्शन नको घेऊ."

पुढच्या महिन्यात तुमचं टेबल निघालं आणि त्या जागी माझा कॉम्प्युटर आला. नंतर तुमचा एकदा फोन आला होता. "गुडघा बघतेस ना?" एवढंच विचारलंत. भेटायला येते म्हणाले, आले नाही. तुम्ही गेल्याचं मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. कॉम्प्युटरला आजही गुडघ्याचं कळत नाही. तो मधलं अंतर सारखं वाटून टाकतो. वजन कुठे आधी येतं ते माणसालाच सांगावं लागतं. मी ते दरवर्षी शिकवते. मुलं त्याला "मॅमचा गुडघा" म्हणतात. मी त्यांना कधी दुरुस्त केलेलं नाही.

ते चोवीस कागद मी घरी आणले होते. गेल्या रविवारी त्यांवर नवे कागद ठेवून गिरवायला बसले. सातव्यावर थांबले. हे पत्रही आता त्याच गठ्ठ्यात ठेवते. वेळ होता, सर. जेवणानंतर साडेपाचपर्यंत माझ्याकडे दुसरं काहीच काम नव्हतं. मी खिडकीशी उभी राहून दोनदा चहा प्यायले.