जागच्या जागी सायकल

१ ऑगस्ट, शुक्रवार

माझं लिव्हर चालणार नाही. म्हणजे मला चालेल, सुमेधाला चालणार नाही.

डॉक्टर म्हणाले, रक्तगट जुळतो, बाकीही सगळं जुळतं, पण चरबी फार आहे. स्क्रीनवर दाखवलंसुद्धा. मला नुसते राखाडी ढग दिसले. यातला तुकडा काढून बायकोला लावला तर तिचंही भागणार नाही आणि तुमचंही धड राहणार नाही, म्हणाले. दसरा झाला की परत तपासू. तोवर वजन उतरवा, चरबी उतरवा. रोज घाम निघाला पाहिजे. व्यायाम कधी केलाय का? मी म्हटलं, शाळेत कवायत. ते हसले नाहीत.

दारूचा थेंब माहीत नसलेल्या बाईचं लिव्हर तिच्याच शरीराने पोखरलं. आणि मी अठ्ठेचाळीस वर्षं खुर्चीत बसून, वडापाव हाणून माझं असं करून ठेवलं. दोघांना मिळून एक धड नाही!

परतताना रिक्षात सुमेधा बोलली. "जाईला यात आणायचं नाही. तुमचं नाही जमलं तर नाही जमलं. पण एकोणीस वर्षांच्या पोरीचं पोट फाडून मला जगायचं नाही. शपथ घ्या." तिच्या डोक्यावर हात ठेवून घेतली. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे.

३ ऑगस्ट, रविवार

दिवसभर एकच विषय— जिम की घरी?

जाईचं मत जिम. नवशिक्याला कुणीतरी दाखवणारं हवं, नाहीतर गुडघे घालवून बसशील बाबा, म्हणाली. सुमेधाचंही जिमच. घरी तुम्ही दोन दिवस कराल, तिसऱ्या दिवशी पाठ दुखेल, मी ओळखून आहे. माझं मत घरी. येण्याजाण्यात वेळ नको, कुणाची नजर नको, आणि सुमेधाला कधी काय लागेल सांगता येत नाही.

तरी संध्याकाळी खारघर मेट्रोजवळची जिम बघून आलो. खाली फरसाणचं दुकान, वर जिम. जिन्यात गरम शेवेचा वास. वर भिंतभर आरसे, सगळीकडून मीच दिसत होतो. शिवतेज नावाचा ट्रेनर आहे, दंड माझ्या मांडीएवढे. पोरं बरी वाटली, पण एकजण माझ्या पोटाकडे बघून दुसऱ्याकडे बघत होता. तेवढ्यावर उतरलो.

घरी सांगितलं, सायकल मागवतो. जागच्या जागी मारायची. तुझ्याजवळ राहीन, असं सुमेधाला म्हटलं. खरं कारण ते आरसे. इथे लिहायला हरकत नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार. आई साताऱ्याहून आल्यापासून घरात उपासतापास जोरात. मला म्हणाली, "सुनंसाठी धर की. तुज्या पोटात काय नसलं म्हंजी देव ऐकतो." धरला. वजनही उतरेल. दुहेरी काम.

९ ऑगस्ट, शनिवार

सायकल आली. जाईने दुपारभर खपून जोडली. हॉलमध्ये जागा एकच— सुमेधाच्या दिवाणासमोर. आई चहूबाजूंनी फिरून म्हणाली, "आरं, ही जाती कुठं?" म्हटलं, कुठंच नाही. "मग घेतली कशाला?" सुमेधा हसली. कितीतरी दिवसांनी हसली. डोळे पिवळे, हसू मात्र जुनंच.

मग माझी थट्टा करत म्हणाली, ऑपरेशननंतर देणाराच जास्त दिवस आडवा असतो म्हणे. म्हणजे मीच आधी उठून तुम्हाला बघायला येणार. फळं काय आणू सांगून ठेवा.

१४ ऑगस्ट, गुरुवार

हे मला आधी सुचायला हवं होतं. मी सायकलवर, ती समोर आडवी. मी धापा टाकतो, ती बघते. तिला उठून संडासला जायचं तर जाईचा खांदा लागतो, आणि मी तिच्यापुढे पाय फिरवतोय. आज तिने भिंतीकडे तोंड केलं. मी उतरलो.

१७ ऑगस्ट, रविवार

अंगाला खाज सुटते तिला. रात्रभर नाही, सकाळी डोळा लागतो. आणि सकाळी माझी सायकल कुरकुरते. नाही मारली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

हँडलवर जाईचा टॉवेल, सीटवर आईची चोळी. खाटेएवढी जागा अडवून वाळत घालायचा स्टँड आणला मी! सुमेधा म्हणाली होतीच. आठवण करून देत नाही, याचाच राग येतो.

दुपारी सांगितलं तिने. "जा हो जिमला. मला मरताना बघत बसायला नाही ठेवलंय तुम्हाला." असं बोलतात का? चिडलो. मग स्वयंपाकघरात जाऊन रडलो, नळ सोडून.

२५ ऑगस्ट, सोमवार

जिमला नाव घातलं. ऑफिसला बेलापूरला जायच्या आधी, सकाळी.

शिवतेजला खरं सांगून टाकलं— बायकोला लिव्हर द्यायचंय, दसऱ्यानंतर तपासणी. तो मग म्हणाला, "काका, टेन्शन नॉट. आपण करू." त्याने मला आरशाकडे पाठ येईल अशा ट्रेडमिलवर उभं केलं. मी सांगितलं नव्हतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

जिना उतरताना फरसाणवाल्याच्या कठड्याला धरलं. पाय माझे नव्हतेच.

१० सप्टेंबर, बुधवार

हॉस्पिटलमधल्या डाएटच्या बाईंचा फोन आला. भात कमी, तळलेलं बंद, साखर बंद, मासे खा— पण तळून नाही. माशांचं ऐकून बरं वाटलं. मी साताऱ्याचा, मटणावर वाढलेला. मासे शिकवले सुमेधाने. ती मालवणची.

ऑफिस सुटल्यावर दिवाळे गावच्या मासळीबाजारात गेलो. खाडीवरून नुकत्याच टोपल्या आल्या होत्या. कोळणीने विचारलं, "बाय न्हाय आली? दर बुधवारी येते ती." म्हटलं, बरं नाही तिला. तिने दोन बांगडे जास्त टाकले.

सुमेधाने पडल्या पडल्या आईला कालवण शिकवलं. तेल एवढंच, आई. कोकम नंतर. स्वतःला जेवण जात नाही, वासावरच होती.

१८ सप्टेंबर, गुरुवार

वजन उतरतंय! ठरवल्याच्या अर्ध्याच्या पुढे आलो. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. सुमेधाने ते भोक बोटाने चाचपून पाहिलं. बराच वेळ बोट तिथंच.

जिमचं म्हणाल तर— सवय झाली. आता मलाच नवा माणूस आला की ओळखू येतो. पोट आत ओढून चालतो तो.

२१ सप्टेंबर, रविवार

उद्या घट बसणार. आईने औंधच्या यमाईला नवस बोलला आहे— मुलगा नऊ दिवस उपास करील, पायात चप्पल घालणार नाही, सुनेला उठव. मला विचारलं नाही, पण नाही कशाला म्हणू? नऊ दिवस पोट रिकामं म्हणजे उरलेलं वजनही जाईल. मासेही बंद, बरोबरच आहे.

शिवतेजला विचारलं. म्हणाला, बेस्ट काका, आजकाल लोक पैसे भरून उपास करतात. बूट न घालता ट्रेडमिलवर येऊ देत नाहीत, म्हणून नऊ दिवस सुट्टी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

अनवाणी ऑफिसला. साहेबांनी पाहिलं. सगळ्यांना माहीत आहे.

आई पहाटे उठून माझ्यासाठी करते. सकाळी साबुदाण्याची खिचडी, तुपात, दाण्याचं कूट सढळ हाताने. दुपारी डब्यात वरीचा भात, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. चारला राजगिऱ्याचा लाडू. रात्री रताळ्याचा कीस, केळं. उपाशी माणसाला ताकद नको का, म्हणते. आग्रह करून वाढते आणि वाढताना डोळे पुसते. तिचाही सुमेधावर फार जीव आहे, बोलत नाही एवढंच.

आज डाएटच्या बाईंनी फोनवर विचारलं, काय खाताय? म्हटलं, काहीच नाही, नवरात्राचे उपास आहेत. बरं, म्हणाल्या. मी काय खोटं बोललो? उपासाला कोण जेवण म्हणतं?

२९ सप्टेंबर, सोमवार

तळव्याला फोड. चालताना दुखतं, पण बरं वाटतं. काहीतरी देतोय असं वाटतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

नाही.

वजन उतरलंय, पण लिव्हरमधली चरबी होती तिथंच, उलट थोडी वर. डॉक्टरांनी दोनदा पाहिलं. डाएटच्या बाईंना बोलावलं. त्यांनी खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं— सोमवार, नवरात्र, खिचडी, वरी, लाडू. त्या पेन खाली ठेवून बसल्या. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च हो, म्हणाल्या, वर तूप, वर दाणे. मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?

का नाही सांगितलं? खाल्लं असं वाटलंच नाही म्हणून. एवढं शिकून, एवढी वर्षं सरकारी फायली वाचून, उपास म्हणजे खाणं हे मला कळू नये? मीच माझ्या हाताने, देवाचं नाव घेऊन, घास घास करून घालवलं!

आणखी दीड महिना, म्हणाले डॉक्टर. तोवर मिसेस तग धरतील अशी आशा करू.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आईला काय सांगू? सांगितलं नाही. ती कूट करायला दाणे भाजत होती. कोजागरी झाली, आता दाणे नकोत, एवढंच म्हटलं. "का रं?" म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं.

सुमेधाला सांगावंच लागलं. तिने हात पुढे केला. "दीड महिना ना? होईल. पण शपथ विसरू नका." जाई दारात उभी होती. तिने ऐकलं.

आजपासून सकाळी जिम आणि रात्री सायकल, दोन्ही. सायकल जाईच्या खोलीत नेली. तिथून आवाज जात नाही. एवढं साधं तेव्हा का सुचलं नाही कुणाला?

१३ ऑक्टोबर, सोमवार

उकडलेलं, बांगडा, काकडी. ट्रेडमिल. सायकल. आई उपास सोडायला तयार नाही, म्हणते मग माझा मी करते. कर म्हटलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

सगळीकडे कंदील लागलेत. सुमेधा दुपारी उठून बसली आणि जाईची पाण्याची बाटली शोधायला लागली. बस येईल, पोरीचं दप्तर भरलं नाही, म्हणे. जाई पुढे होऊन म्हणाली, आई, मी इथेच आहे. तिने जाईकडे पाहिलं आणि नम्रपणे विचारलं, "तुम्ही शाळेतल्या का?"

रात्री ओळख राहिली नाही. ॲम्ब्युलन्स.

२० ऑक्टोबर, सोमवार

शुद्ध नाही. विष डोक्यात चढलंय, म्हणाले. दीड महिना सोडा, दोन-तीन दिवस आहेत. मी म्हटलं, माझं घ्या. जसं आहे तसं घ्या. डॉक्टरांनी माझा खांदा धरून खाली बसवलं. म्हणाले, घेतलं तर दोघांनाही गमावून बसेन.

मग जाई बोलली. माझा दुसरा रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी कॉलेज बुडवून ती आपल्या तपासण्या करून आली होती. सगळं जुळतं. हडकुळी पोर माझी, हिच्या अंगावर चरबी आहे कुठे? मी शपथेचं सांगितलं. ती म्हणाली, "तू घेतलीस ना बाबा? मी नाही घेतली."

दोन्हीकडे सह्या मीच केल्या. नवरा म्हणून एक, बाप म्हणून एक.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. दोघींना पहाटे आत नेलं. दरवर्षी आजच्या दिवशी सुमेधा मला ओवाळते.

लिहवत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

दोघी बाहेर आल्या. जाई शुद्धीवर आहे. कुशीवर वळता येत नाही तिला. खोकला येईल म्हणून पाणीसुद्धा घाबरत पिते. म्हणाली, लिव्हर माझं घेतलंय हे आईला इतक्यात सांगू नकोस, तिला धक्का बसेल. डॉक्टरही तेच म्हणाले. पोरीचं ऐकल्यापासून माझी आई खाली देवळात बसून आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सुमेधाची नळी काढली. डोळ्यांतला पिवळेपणा उतरतोय, म्हणाली सिस्टर. उद्या सकाळी भेटा. जास्त बोलू नका, थकवू नका. मी काय बोलायचं ते रात्रभर ठरवतोय. काही नाहीच बोलायचं. नुसतं उभं राहायचं, हात धरायचा.

२६ ऑक्टोबर, रविवार

हिरवा गाऊन, टोपी घालून आत गेलो. दारापासून तिच्या खाटेपर्यंत. तिने ओळखलं, हसली. मग नजर खाली गेली, माझ्या पायांपर्यंत, आणि हळूहळू वर माझ्या पोटापर्यंत येऊन थांबली. ओठ हलले. मी वाकलो.

"तुम्ही चालत आलात?"